चकती क्रमांक एकतीस

आधी साठ नंबरचा पॉलिशपेपर, मग दोनशेवीस, मग चारशे,
शेवटचा इतका मऊ की गालावर फिरवावा.
परातीएवढी ही चकती पाँडेरोसा पाइनची,
जॉन डे नदीच्या वरच्या खोऱ्यात
जळून उभ्या राहिलेल्या बुंध्यातून कापलेली.
घासताना व्हॅनिलाचा वास येतो
आणि इतक्या वर्षांनीही मला भूक लागते.

भिंगाखाली वर्षं खेटून बसलेली.
ओली वर्षं ऐसपैस, कोरडी केसाएवढी.
मध्येच एक काळा ओरखडा:
आग आली, बुंधा चाटून गेली,
झाडाने जखमेवर लाकूड ओढून घेतलं
झोपेत पांघरूण ओढावं तसं.
१७५१. १७६०. १७६८. १७८१.
मी टाचणी टोचते, वहीत लिहिते.
नऊ वर्षं, आठ, तेरा.
पाहुण्यांची सवय असलेलं घर.

१८८९.
त्यानंतर टाचणीला जागाच नाही.
मेंढ्या आल्या, आग चालत जायची ते गवत संपलं.
मुद्दाम आग लावणाऱ्या पायूट लोकांना
सैनिकांनी आधीच हाकलून नेलं होतं, भर हिवाळ्यात.
मग सरकारी खातं आलं आणि हुकूम आला:
आज दिसलेली आग
उद्या सकाळी दहाच्या आत विझली पाहिजे.

गुरुवारी वडील लॅबमध्ये आले.
ऑर्विल टकेट, वय ब्याऐंशी, एकतीस मोसम आगीवर.
जिना चढून आल्यावर पाच मिनिटं नुसतेच खोकले.
"ह्यात मी कुठाय?"
मी १९६२ वर पेन्सिल टेकवली, मग १९९३ वर.
मधे काही नव्हतं. स्वच्छ, पिवळट लाकूड.
त्यांनी चष्मा वर केला, नाक चकतीला लागेल इतके वाकले.
"काहीच नाही," म्हणाले. "हेच तर आम्ही केलं."

अभिमान होता का आवाजात? मी विचारलं नाही.
जिथे घोडा दौडवत नेता यायचा
तिथे आता कुत्रंही आडवं होऊन घुसतं,
हे त्यांना माझ्याकडून कळायची गरज नव्हती.
त्यांनीच भिंतीवरचा आलेख बघून विचारलं,
हे काय, ही खाली खाली जाणारी रेघ?
रात्रीच्या हवेतला ओलावा, पप्पा.
"आमच्या वेळी आग रात्री झोपायची.
आम्हीही झोपायचो, तिच्यापासून शंभर पावलांवर."
आता नाही झोपत.
"नाही?"
नाही.

चकतीची बाहेरची कड अजून हाताला काळं लावते.
दोन उन्हाळ्यांपूर्वीची. तिच्यावर काही ओढून घ्यायला
झाड उरलं नाही.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात,
त्या ऑगस्टमध्ये ओलं म्हणावं असं काही नव्हतंच.

ऑक्टोबरात व्हायोला हॉलीने आग लावली.
त्याआधी एक्केचाळीस पानांचा आराखडा,
धुराची परवानगी, कुंपणापलीकडच्या गुराखी मालकाचं पत्र,
आणि वाऱ्यासाठी तीन दिवस सँडविच खात बसणं.
"माझ्या पणजीला ह्याच कामासाठी कोठडीत टाकलं होतं,"
मशालीचं झाकण फिरवत ती म्हणाली,
"मला प्रवासभत्ता मिळतो."
राब भाजावा तशी ती चालत गेली, घाई न करता,
मागे घोट्याएवढ्या ज्वाळा, सुया तडतडत.

वडील ट्रकमध्ये, काच खाली.
त्यांचा हात दोनदा फावड्याकडे गेला,
दोन्ही वेळा त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला.
एका कोवळ्या पाइनच्या बुंध्याशी ज्वाळा थबकली,
सालीची एक बाजू काळी केली, पुढे सरकली.
"त्याला लागलं," ते म्हणाले.
हो, मी म्हटलं. लागू दे.

अंधार पडल्यावर मी दर अर्ध्या तासाने ओलावा मोजला.
चौतीस टक्के. अडतीस. छत्तीस.
ते जागेच राहणार होते, आग झोपते का ते बघायला.
अकराच्या सुमारास मान कलली, तोंड उघडं, शर्टाला धूर.
मी काच वर केली.
त्रेचाळीस टक्के. लाल ठिपके अजून होते,
पण कुठे जात नव्हते.